मास्तरांचा कळफलक कोरा झाला तेव्हा

मित्रांनो, मला पाहून कोणी जुना म्हणणार नाही. मला गंज चढत नाही, माझा रंग उडत नाही आणि मला घेऊन कोणी भंगारवाल्याकडे गेलेले मी तरी ऐकलेले नाही. पण मी जुना आहे. मी एका मोबाइलच्या पडद्यावरचा कळफलक आहे. तुम्ही मला कीबोर्ड म्हणता. काही लिहायचे झाले की मी खालून वर येतो आणि लिहून झाले की गुपचूप खाली जातो. मी ज्या काचेत राहतो तिचा एक कोपरा तडकला आहे, पण ती गोष्ट फार मोठी नाही. मोठी गोष्ट वेगळीच आहे. ती घडून बरेच दिवस झाले, तरी मी अजून सावरलेलो नाही.

जन्मलो तेव्हा मी चारचौघांसारखाच होतो. करड्या कळा, बारीक अक्षरे, दाबले की टिक्‌ असा आवाज. माझी पहिली मालकीण म्हणजे मास्तरांची लेक. ती दोन्ही अंगठ्यांनी असे भराभर लिहायची की मला दम खायला सवड नसे. पुढे तिला दूरच्या गावी नोकरी लागली. तिने नवा फोन घेतला आणि जुना, म्हणजे मी ज्यात राहतो तो, वडिलांना दिला. मुलांचे जुने फोन आईबापांकडे जातात, हा नियम बहुधा सगळीकडचाच आहे.

मास्तर शाळेतले नव्हेत बरं का. कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर नमुन्याचा कागद लावायचा आणि विजेच्या पात्याने सगळे थर एका दमात कापायचे, हे काम त्यांच्या हुकमाने चाले. एक चूक झाली की साठ कपडे एकदम वाया. त्यामुळे मास्तर दिवसभर ओरडत असत. त्यांचा आवाज मशीनच्या घरघरीच्या वरून पार गोदामात पोहोचायचा. मला मात्र त्यांनी फारशी तसदी दिली नाही. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘निघालो’, एवढ्यावर आमचे भागत असे.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितले की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावे लागेल. मी तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात होतो. ज्या माणसाचे अर्धे काम आवाजाने चालते, त्याचा आवाजच कापून टाकणार? मला ते खरेच वाटेना. पण झाले तसेच. मास्तर जगले, गळ्याला श्वास घेण्यापुरते एक लहानसे भोक राहिले आणि आवाज गेला तो गेला.

दवाखान्यात मला एकदम भाव आला. ‘पाणी’, ‘उशी उंच कर’, ‘पंखा’, सगळे माझ्यामार्फत. मास्तरांची बायको रोज दुपारी डबा घेऊन यायची. आल्या आल्या विचारायची, “कसं वाटतंय?” मास्तर अंगठा वर करायचे. भेटायची वेळ संपली, ती गेली आणि नर्सने पडदा ओढला की मास्तर मला बोलवायचे. एकेक अक्षर शोधत एक ओळ लिहायचे, तिच्याकडे बघत राहायचे आणि मग एकेक अक्षर पुसायचे. ती ओळ त्यांनी कोणालाही पाठवली नाही. रोज तीच ओळ, एकोणीस दिवस. काय लिहीत ते आत्ताच सांगायला माझी जीभ रेटत नाही, म्हणजे जीभ असती तर रेटली नसती. ते पुढे बाहेर आले, तेव्हा तुम्हालाही कळेल.

तुम्ही म्हणाल, पुसले ना, मग संपले. मित्रांनो, तिथेच तुम्ही चुकता. माणूस पडद्यावरून पुसतो, पण मी शिकून बसलेलो असतो. जे पुन्हा पुन्हा लिहिले जाते ते लक्षात ठेवायचे आणि पुढच्या वेळी न मागता पुढे करायचे, हाच माझा धंदा.

मास्तर घरी आले तेव्हा लेक तीन दिवसांची रजा काढून आली. तिने मला असे काही घडवले की मी स्वतःलाच ओळखेनासा झालो. सेटिंग उघडून आधी तिने माझी उंची वाढवली, कारण मास्तरांचे अंगठे कात्री धरून धरून जाड झाले होते. मग मला उजवीकडे सरकवले, कारण त्यांच्या डाव्या हातात कायम मापाची टेप नाहीतर कापड. कळ किती वेळ दाबून धरली म्हणजे दाबली असे समजायचे, तेही वाढवले. टिक्‌ आवाज बंद केला, बारीकशी थरथर ठेवली. रंग दिला पिवळा आणि त्यावर काळी अक्षरे, थेट मास्तरांच्या टेपसारखी. आणि शेवटी शब्दकोश उघडून तिने त्यांची वाक्ये भरायला घेतली.

ही वाक्ये तिने कारखान्यात जाऊन गोळा केली होती. मास्तर दिवसभर काय काय ओरडतात, ते एकेका कामगाराला विचारून वहीत उतरवून आणले होते. ‘ओ’ दाबले की वर पट्टीत यायचे, ‘ओढू नका, कापड आहे ते, रबर नाही.’ ‘ख’ दाबले की, ‘खडूची रेघ सोडून गेलात तर मला तोंड दाखवू नका.’ आणि ‘थ’ दाबले की, ‘थांबा! मशीन बंद करा! कोणी हात लावायचा नाही!’ वाक्यावर बोट ठेवले की एक ॲप ते मोठ्याने वाचून दाखवायचे. अशी एकूण त्रेचाळीस वाक्ये. फक्त त्या ॲपमध्ये आवाज मिळाला तो एका गोड गळ्याच्या बाईचा. भरघोस मिशांच्या मास्तरांच्या छातीवर लटकवलेल्या फोनमधून ती बाई “तोंड दाखवू नका” म्हणाली, तेव्हा सगळे घर पोट धरून हसले. मास्तरही हसले, आवाजाशिवाय, खांदे हलवून.

दोन महिन्यांनी मास्तर कामावर परतले, तेव्हा कारखान्याच्या मालकीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या वाईट नव्हत्या, पण फटकळ होत्या.

“मास्तर, तुमच्यासारखा हात मला मिळणार नाही, हे मला कळतं,” त्या म्हणाल्या. “पण पात्यापाशी माणसं काम करतात. त्यांना वेळेवर ‘थांब’ म्हणणारा हवा. आठ दिवस बघते. जमलं तर तुमची जागा तुमची. नाही जमलं, तर आगगाडीला मास्तर करते.”

आगगाडी म्हणजे पाते चालवणारा गडी. घाई फार, म्हणून हे नाव. त्याला ती जागा हवी होती, हे टेबलाच्या पायांनासुद्धा माहीत होते.

पहिले पाच दिवस मी शिकस्त केली. मास्तर गळ्यात फोन अडकवून टेबलाभोवती फिरत, अंगठा माझ्यावर पडे आणि बाई कडाडे. कामगार म्हणू लागले, “मास्तर, ही बाई तुमच्यापेक्षा बरी, निदान थुंकी तरी उडवत नाही.” कौतुक कोणाला नको असते? मी फुगलो होतो, हे कबूल करतो.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मास्तर अंघोळीला गेले. त्यांच्या बायकोचा फोन चार्जिंगला होता, म्हणून तिने हा उचलला. लेकीला लिहायचे होते, ‘मला लोकरीचे दोन गोळे पाठव.’ तिने ‘मला’ लिहिले. झाले! सवयीप्रमाणे मी पुढचा शब्द पुढे केला, ‘आता’. तिला गंमत वाटली. तिने तो दाबला. मी पुढचा दिला, ‘जगावंसं’. तिचा अंगठा थबकला. मग तिने तोही दाबला. मी ‘वाटत’ दिला. मग ‘नाही’ दिला.

मला आता जगावंसं वाटत नाही.

तिने ते वाक्य वाचले आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचले. तिच्या हातात मी थरथरत होतो, आणि ती थरथर सेटिंगमधली नव्हती. मी हे काय करून बसलो? मास्तरांनी ते वाक्य गेल्या दोन महिन्यांत एकदाही लिहिले नव्हते. पण मला कालचे आणि आजचे कळत नाही हो! मला फक्त ‘किती वेळा’ एवढेच कळते, आणि त्यांनी ते एकोणीस वेळा लिहिले होते.

तिने ती ओळ पुसली आणि पुन्हा ‘मला’ लिहून पाहिले. पुन्हा ‘आता’. तो शब्द दाबून धरला की तो काढून टाकायचा का असे मी विचारतो. तिने तो काढला. मग त्याच्या मागचा वर आला, ‘जगावंसं’. तोही काढला. मग ‘नको’. मग ‘कंटाळा’. एक काढावा तर खाली दुसरा. बाथरूममधले पाणी बंद झाले. मास्तर बाहेर येणार, फोन हातात घेणार आणि हे त्यांच्या डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा येत राहणार, असे तिच्या मनाने घेतले असावे.

आता या बाईंचा स्वभाव सांगतो. शेजारीपाजारी तिला मास्तरीणबाई म्हणत आणि तिच्या स्वच्छतेची धास्ती घेत. डब्यात एक किडा दिसला, तर ती तो वेचत बसत नसे. सगळा डबा रिकामा करायचा, घासायचा, उन्हात पालथा घालायचा, हा तिचा खाक्या. तिने माझे सेटिंग उघडले. तळाशी लिहिले होते, ‘सर्व पुसा आणि मूळ स्थितीत आणा’. मी विचारले, नक्की? खात्रीसाठी मी चार आकडे दाखवले आणि तेच लिहायला सांगितले. तिने डोळे पुसून एकेक आकडा नीट लिहिला.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, सगळे पुसले तर ही कथा कशी सांगतोस? शब्द गेले. धक्का राहिला. तो कुठल्या सेटिंगमध्ये साठतो, ते मलाही माहीत नाही.

सकाळी तिने मास्तरांना यातले काही सांगितले नाही. मास्तरांनीही फोन गळ्यात अडकवला आणि निघाले. घरात त्यांचे खुणांवर भागत असे, त्यामुळे मी कोरा झालो आहे हे त्यांना कळायला काही कारणच नव्हते.

कारखान्यात पोहोचले तो टेबलावर मखमल अंथरून तयार होती. एका वाद्यवृंदाचे साठ कोट कापायचे होते. मखमलीला उलटसुलट असते. एका बाजूने हात फिरवला तर मऊ लागते, दुसऱ्या बाजूने खरखरीत, आणि रंगसुद्धा निराळा दिसतो. सगळे थर एकाच दिशेला हवेत. मास्तरांनी वहीची पाने चाळावीत तसे थरांचे कोपरे चाळले आणि मधेच थांबले. मधला एक रोल कोणीतरी उलटा अंथरला होता. तिकडे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आगगाडीने पाते सुरूही केले होते.

मास्तरांनी मला बोलावले. मी वर आलो, आणि काय सांगू! मी बुटका, करडा, मधोमध पसरलेला आणि अंगावर सगळी इंग्रजी अक्षरे. ‘थ’ जिथे असायचा तिथे त्यांचा अंगठा न बघता पडला.

“के,” गोड आवाजातली बाई म्हणाली.

त्यांनी पुन्हा दाबले. “केके.” कोणीतरी खुदकन हसले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, तो चेहरा मी विसरू शकत नाही. दुसऱ्यांदा आवाज गेलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

त्यांनी टेबलावर थापा मारल्या. पात्याच्या आवाजात त्या विरून गेल्या. मशीनवाल्याला मागून धरायचे नाही, हा नियम त्यांनीच घालून दिलेला, आणि प्लग होता पार पलीकडे. ते टेबलाच्या कडेने धावले आणि आगगाडीच्या समोर, पात्याच्या वाटेत, मखमलीवर त्यांनी आपला उजवा पंजा पसरून ठेवला.

आगगाडी किंचाळला. पाते बंद झाले. पंजात आणि पात्यात चार बोटांचे अंतर होते.

मालकीणबाई धावत आल्या. मास्तरांनी कोपरे उचलून दाखवले. त्यांनी स्वतः हात फिरवून पाहिला. वीस थर उलटे होते.

“कापड वाचवलंत,” त्या म्हणाल्या. “पण हात घालून? मास्तर, उद्या तिथे दुसऱ्या कोणाचा हात असला आणि तुमचा फोन ‘के के’ करत बसला, तर मी कोणाला तोंड दाखवू? आज घरी जा. उद्या बोलू.”

घरी आल्यावर मास्तरांनी बायकोसमोर फोन धरला आणि त्या बारीक कळांवर चाचपडत, भाषा बदलून, लिहिले, ‘कोणी केलं?’

“मी,” ती म्हणाली.

मास्तरांनी फोन गादीवर भिरकावला. मी पालथा पडलो आणि पुढचे नुसते ऐकले.

“तुमची सगळी वाक्यं जातील हे मला माहीत नव्हतं हो. मला फक्त ते एक घालवायचं होतं. ‘मला’ लिहिलं की पुढचं तो आपण होऊन सांगत होता. मी वाचलं ते सगळं.”

फक्त मास्तरांच्या गळ्यातून होणारा श्वासाचा आवाज येत राहिला. मग त्यांनी मला उचलले. लिहिले, ‘ते जुनं आहे.’

“जुनं म्हणजे कधीचं? दवाखान्यातलं ना? मी रोज येत होते. रोज विचारत होते, कसं वाटतंय. तुम्ही अंगठा वर करायचात!”

‘तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस.’

“मग रडले असते! त्यात काय एवढं? रडून झालं असतं आणि मग तुम्हाला जेवायला वाढलं असतं. मला सोडून या काचेला कसं काय सांगितलंत?”

मास्तरांनी माझ्या काचेवरून अंगठा फिरवला. मग लिहिले, ‘ही रडत नाही.’

ती त्यांच्या शेजारी बसली. “आणि आता? अजून वाटतं तसं?”

त्यांनी लिहिले, ‘नाही.’ मी सुटकेचा श्वास टाकणार तोच त्यांनी ते पुसले. मी दचकलो. पुसलेली अक्षरे फक्त मलाच माहीत असतात, हे ओझे फार वाईट. पण या खेपेला पुसल्यावर त्यांनी दुसरे लिहिले आणि फोन तिच्याकडे वळवला.

‘कधी कधी. दुपारी.’

ती रडली, अगदी मोकळेपणाने. मास्तर तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. रडून झाल्यावर तिने नाक पुसले आणि खरोखरच जेवायला वाढले.

जेवणानंतर तिने स्वतःच्या फोनवरून लेकीला फोन लावला. लेकीने आधी कपाळावर हात मारला असणार, तसा आवाज आला. शब्दकोशाची एक प्रत काढून ठेवायला तिने सांगितले होते म्हणे, पण ती ठेवली कोणीच नव्हती. मग ती तिकडून वही काढून वाक्ये सांगू लागली आणि मास्तरीणबाई इकडे माझ्यात भरू लागली. मी पुन्हा उंच झालो, उजवीकडे सरकलो, पिवळा झालो. पण लेकीने पहिले वाक्य सांगण्याआधीच मास्तरीणबाई म्हणाली, “थांब, आधी माझं एक घालते.” तिने एका बोटाने, चुकत, पुसत, पुन्हा लिहीत एक वाक्य भरले, ‘मला बरं वाटत नाहीये, माझ्याजवळ ये.’ आणि मास्तरांना म्हणाली, “हे मोठ्याने वाचायचं नाही. मला पाठवायचं. कारखान्यात असलात तरी.” मास्तरांनी मान हलवली, पण ते कधी पाठवतील असे मला तरी वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो तर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड दोरी ताणून बांधलेली. कुठूनही ओढली की मशीनचा खटका पडत होता. ती आगगाडीने बांधली होती. त्याचे डोळे लाल होते.

“मास्तर, ही ओढा,” तो म्हणाला. “हात घालू नका. माझ्या हातून झालं असतं तर मी पुन्हा मशीनला शिवलो नसतो.”

मालकीणबाईंनी स्वतः दोनदा दोरी ओढून पाहिली. “आठ दिवस पुरे झाले,” त्या म्हणाल्या. “कामाला लागा.”

इथे माझी कथा संपायला हरकत नव्हती. पण तिसऱ्या आठवड्यात एक दुपार आली. जेवणाची सुट्टी होती. सगळे अंगणात बसले होते आणि मास्तर एकटेच कापडाच्या ढिगापाशी टेकले होते. त्यांनी मला बोलावले. अंगठा बराच वेळ माझ्यावर अधांतरी राहिला. मी हादरलोच, मला वाटले, आली ती जुनी ओळ. पण अंगठा खाली आला आणि पट्टीत वाक्य उभे राहिले, ‘मला बरं वाटत नाहीये, माझ्याजवळ ये.’ त्यांनी ते पुसले नाही. पाठवले.

वीस मिनिटांत मास्तरीणबाई कारखान्याच्या दारात हजर होती. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या आणि हाताला अजून साबण लागलेला होता. घासायची भांडी तशीच टाकून आली होती ती! ती काही न विचारता मास्तरांच्या शेजारी ढिगावर बसली. मास्तरांनी मला बाजूला ठेवून दिले.

मित्रांनो, दुसऱ्याच्या फोनमधले काही पुसण्याआधी त्याला विचारत जा. जो शब्द तुम्हाला कचरा वाटतो, त्याच्या शेजारीच त्याचे पोटापाण्याचे शब्द ठेवलेले असतात. आणि माझी आणखी एक विनवणी आहे. मनातले जे काही माझ्याजवळ लिहिता आणि पुसून टाकता, ते एकदा तरी कोणा माणसाला पाठवा. मी ते जपून ठेवीन, अगदी एकोणीस वेळा ठेवीन. पण मला धावत येऊन तुमच्याजवळ बसता येत नाही.